दुर्बिणीतून हर्निया: सरासरीत हरवलेला हात



या टिपणात आपण एका शोधनिबंधाचे परीक्षण करणार आहोत. मी डॉक्टर नाही, यंत्र अभियांत्रिकी शिकवतो. पण प्रयोगाची मांडणी कशी करावी आणि आकड्यांचा अर्थ कसा लावावा, हे तुमच्या-माझ्या विषयातलेच प्रश्न आहेत.

ली न्यूमायर आणि सहकाऱ्यांचा हा निबंध २००४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. प्रश्न साधा होता. जांघेतील हर्नियावर जाळी बसवायची तर उघडी शस्त्रक्रिया बरी की दुर्बिणीची? अमेरिकेत माजी सैनिकांसाठीच्या १४ रुग्णालयांत २,१६४ पुरुषांची दोन गटांत यादृच्छिक विभागणी केली गेली. दोन वर्षांत हर्निया पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात १०.१ टक्के, तर उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात ४.९ टक्के आढळले. दुर्बिणीच्या रुग्णांना सुरुवातीला वेदना कमी झाल्या आणि ते एक दिवस आधी नेहमीच्या व्यवहारांना लागले, एवढेच तिच्या बाजूने. पहिल्यांदाच झालेल्या हर्नियासाठी उघडी पद्धत सरस, असा निष्कर्ष लेखकांनी काढला.

आता यंत्रशास्त्राच्या नजरेने पाहा. दुर्बिणीच्या पद्धतीत जाळी स्नायूंच्या मागे बसते. टाकीच्या भोकाला आतून लावलेल्या ठिगळासारखा पोटातला दाबच तिला भिंतीवर दाबून धरतो. उघड्या पद्धतीत जाळी पुढच्या बाजूने असते, म्हणजे दाब तिला बाहेर ढकलतो. कागदावर दुर्बीण जिंकायला हवी होती. मग ती हरली का?

कारण ठिगळ लावणारा हात. पोटाच्या भिंतीतले छिद्र हा टेकू आणि उपकरण ही तरफ. हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जाते. पडद्यावरच्या सपाट चित्रात खोली नीट कळत नाही, स्पर्शही मंदावतो. आतले ठिगळ पुरेसे मोठे आणि सगळीकडून नीट पसरलेले असेल तरच टिकते. नाहीतर कडेने वाट मिळते.

याचा पुरावा निबंधातच आहे. सहभागी सर्जनांसाठी अशा किमान २५ शस्त्रक्रियांची अट होती. पण २५० पेक्षा जास्त शस्त्रक्रियांचा अनुभव सांगणाऱ्यांच्या रुग्णांत हर्निया पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण बरेच कमी होते. म्हणजे १०.१ हा आकडा केवळ पद्धतीचा नाही. तो त्या हातांतल्या पद्धतीचा आहे. 'उघडी पद्धत सरस' या वाक्यात हा फरक झाकला जातो, हा माझा मुख्य आक्षेप.

मात्र घाई करू नका. विभागणी रुग्णांची झाली होती, सर्जनांच्या अनुभवाची नाही. अनुभवी सर्जन इतर बाबतींतही वेगळे असू शकतात. त्यामुळे '२५० झाल्या की सुरक्षित' असा नियम यातून सिद्ध होत नाही. शिवाय सगळे रुग्ण पुरुष होते. स्त्रियांबद्दल हे आकडे काही सांगत नाहीत.

लेखकांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. ज्या रुग्णाला सर्जन निवडता येत नाही, त्याच्या वाट्याला सरासरीच येते. म्हणून ती सरासरी छापणे योग्यच होते. पण अवघड प्रश्न पुढेच आहे: पहिल्या २५० शस्त्रक्रिया कोणावर व्हायच्या? शिकण्याच्या आलेखावरचा प्रत्येक बिंदू हा एक माणूस असतो. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही कौशल्य व साधने उपलब्ध असल्यासच दुर्बिणीची शिफारस करतात, ते यामुळेच.

स्वाध्याय: तुमच्या प्रयोगशाळेतील दोन यंत्रांची तुलना करा. प्रत्येक यंत्र नवख्याकडून आणि सरावलेल्याकडून चालवून चारही निकाल वेगवेगळे मांडा, मगच सरासरी काढा. ती काढताना काय हरवले, ते चार ओळींत लिहा.