चतुर्थी विभक्तीतली माणसं

मागच्या महिन्यात मी एका बैठकीत सात अहवाल वाचून काढले. कवितासंग्रह नव्हे, अहवाल. जळगाव-धुळ्याकडे काम करणाऱ्या सेवाभावी संस्थांचे आणि कंपन्यांच्या फाउंडेशनांचे, गुळगुळीत कागदावर रंगीत छापलेले. कवितेच्या माणसाने अहवाल कशाला वाचावेत? तर आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेला एक संस्था पुस्तकं, रॅक आणि सहा पंखे द्यायला निघालीय. घ्यायचे की नाही यावर पोरांमध्ये दोन रात्री भांडण झालं. म्हटलं, देणारा बोलतो कसा ते आधी बघू. माणूस खोटं बोलला तरी त्याची भाषा खरं सांगून जाते.

सातही अहवालांची सुरवात संस्थापकापासून. तो लहानपणी काहीतरी बघतो. स्टेशनवरची म्हातारी, उपाशी पोर, नाहीतर पायात चप्पल नसलेला शाळासोबती. बघून 'अस्वस्थ' होतो. मग चांगली नोकरी नाहीतर चालता धंदा सोडून संस्था काढतो. ह्या गोष्टीत अस्वस्थ व्हायचा मान एकट्या संस्थापकाला. म्हातारीला नाव नाही, आडनाव नाही, जात नाही. ती कुठल्या गावाहून हाकलली गेली, तिची जमीन कुणी दाबली, ह्याचा पत्ता नाही. ती फक्त त्याला अस्वस्थ करायला स्टेशनवर बसवलेली. आपल्या कथाकादंबऱ्यांतही प्रस्थापितांनी आपल्याला असंच बसवलं होतं. नायकाच्या मनाला पाझर फुटावा म्हणून दारात एक महारीण उभी. तेच वाङ्मय आता ताळेबंदासकट छापून येतंय, एवढाच फरक.

आता व्याकरण बघा. मी शाळा अर्ध्यात सोडलेली, व्याकरण नंतर रद्दीतल्या पुस्तकावरून शिकलो, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. 'मुलांना वह्या वाटण्यात आल्या.' 'महिलांना शिलाई मशीन देण्यात आली.' 'वंचितांना मुख्य प्रवाहात आणले.' आपण सगळीकडे 'ना' लावून उभे. चतुर्थी. जुने व्याकरणवाले ह्या विभक्तीचा अर्थ संप्रदान सांगतात, म्हणजे ज्याला दान दिलं जातं तो. सात अहवाल चाळले, शंभरावर पानं झाली, आणि वस्तीतला माणूस कर्ता म्हणून तीनदा सापडला. तिन्ही वेळा त्याचं क्रियापद एकच : 'आभार मानले.'

आणि 'परिवर्तन' हा शब्द तर पानोपानी. हा शब्द आपण सभेतून, पोस्टरवरून, मार खाऊन कमावलेला. १९७२ ला पँथर निघाली तेव्हा परिवर्तन म्हटलं की गावच्या पाटलाला घाम फुटायचा. आता तोच शब्द कंपनीच्या फ्लेक्सवर साहेबांच्या फोटोखाली बसतो आणि कुणाला काही होत नाही. शब्दातला दात काढून घेतलाय.

ह्यावर कुणी म्हणेल, पोराला वही मिळाली ना? मग भाषेचं काय घेऊन बसलास? प्रश्न खोटा नाही. वही मिळाली हे चांगलंच झालं. पण हा प्रश्न नव्वद वर्षांपूर्वी बाबासाहेबांपुढे आला होता, आणि त्यांनी तो असा अर्ध्यावर सोडला नव्हता.

पुणे कराराच्या पाठोपाठ सप्टेंबर १९३२ मध्ये मुंबईत अस्पृश्यता निवारणाचा संघ निघाला. पुढे त्याचंच नाव हरिजन सेवक संघ. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला, सचिव अमृतलाल ठक्कर. देशातल्या मोठ्या गिरणीमालकांपैकी एक, आणि आपल्या उद्धाराचा अध्यक्ष. १४ नोव्हेंबर १९३२ ला बाबासाहेब गोलमेज परिषदेला निघालेल्या बोटीवरून ठक्करांना लांब पत्र लिहितात. महाराष्ट्र शासनाने छापलेल्या इंग्रजी खंडांपैकी नवव्या खंडात ते आहे. मी डिक्शनरी मांडीवर घेऊन चार रविवारांत वाचलं. प्रत्येकाने वाचावं, कारण आज कंपन्या जे करतात त्याची समीक्षा त्यात आधीच झालेली आहे.

बाबासाहेबांचं म्हणणं थोडक्यात असं. माणूस खाली का राहिला ह्याची दोन उत्तरं असतात. एक, त्याच्यातच खोट आहे. मग त्याला दारू सोडायला सांगा, तालीम काढा, वाचनालय काढा, चार पोरांना स्कॉलरशिप द्या. दोन, त्याच्या भोवतीची परिस्थितीच त्याला उठू देत नाही. मग परिस्थितीला हात घाला. विहिरीवर, शाळेत, चावडीवर हक्क बजावायला माणसं उभी करा. त्यात मारामारी होईल, डोकी फुटतील, ते धरून चाला. नोकरी-धंद्याची बंद दारं उघडा. सवर्णांच्या घरात आमचा माणूस पाहुणा म्हणून, नोकर म्हणून जाऊ द्या. आणि कामाला माणसं घ्याल ती आमच्यातली घ्या, कारण ज्याला आतून माया आहे तोच हे काम जीव लावून करील. भाडोत्री सेवक करणार नाही.

ह्या पत्राची साधी पोचसुद्धा आली नाही. पुढे संघाच्या कारभारात आमची माणसं घ्या असं सांगायला लोक गांधीजींकडे गेले, तेव्हा उत्तर मिळालं की हे हिंदूंचं प्रायश्चित्त आहे, पैसा हिंदूंचा आहे, तेव्हा चालवणारही हिंदूच. म्हणजे पाप त्यांचं, पुण्यही त्यांचंच, आणि आपण मधल्यामध्ये पाप धुवायचा दगड. १९४५ च्या पुस्तकात बाबासाहेबांनी ह्या कारभारावर अख्खं प्रकरण लिहिलं आणि त्यात पुतनेची गोष्ट आणली. कृष्णाला मारायला आलेली पुतना तलवार घेऊन आली नव्हती, स्तनाला विष लावून पाजायला आली होती. आपल्याकडे खोट्या मायेला 'पुतनामावशीचं प्रेम' म्हणतात. तेवढ्या एका उपमेत मला आमच्या सहा पंख्यांचा वारा लागला.

गिरणीचं उदाहरण घ्या, कारण ते माझ्या धंद्यातलं आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत. तिथे पगार जास्त. कारण काय, तर कांडी बदलली की धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढावं लागे, आणि आपलं तोंड लागलेला धोटा दुसऱ्याने ओठाला कसा लावायचा! १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी अट धरली, हा अन्यायही मागण्यांत घाला. कम्युनिस्ट पुढाऱ्यांनी कुरकुरत घातला. आता त्याच काळात एखाद्या मालकाने अस्पृश्य कामगारांच्या पोरांसाठी रात्रशाळा काढली असती तर ते दान, आणि अहवालात फोटो. विणकाम खात्याचं दार उघडलं असतं तर? त्याला फोटो नाही. आणि मालकाला खरं जड तेच गेलं असतं.

खान्देशात दान काही नवं नाही. अमळनेरला प्रताप शेटजींनी गिरणी काढली, १९१६ ला तत्त्वज्ञान मंदिर काढलं, त्यांच्याच नावाच्या हायस्कुलात साने गुरुजी मास्तर होते. ह्याच अमळनेरला डिसेंबर १९४५ मध्ये वनस्पती तेलाची कंपनी निघाली, तिची पुढे विप्रो झाली. अझीम प्रेमजींनी २००१ ला फाउंडेशन काढलं, आणि २०१९ पर्यंत त्याला दिलेल्या संपत्तीचा आकडा १ लाख ४५ हजार कोटींवर गेला. तो माणूस सरकारी शाळांवर पैसा लावतो, त्याची दानत खोटी आहे असं मी म्हणणार नाही. जळगावला जैन हिल्सवर २०१२ पासून गांधी तीर्थ उभं आहे, भवरलाल जैन ह्यांनी उभं केलेलं. वाकोदच्या शेतकऱ्याच्या पोराने ठिबकच्या नळ्यांवर कंपनी उभारली, ही गोष्टही लहान नाही. पण खान्देश मिलच्या जागेवर आज दुकानांची रांग आहे, आणि त्या मिलमध्ये जन्म घालवलेल्या कामगाराचं स्मारक मला जळगावात कुठं दिसलं नाही. दान लक्षात राहतं, दानाआधीची पाळी राहत नाही.

आता तर दानाचा कायदाच आहे. २०१३ चा कंपनी कायदा, कलम १३५, एप्रिल २०१४ पासून लागू. मोठ्या कंपनीने तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर घालायचे. कंपनीच्या स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च त्यात धरत नाहीत. कारण कागदावर ठीक आहे, नाहीतर मालकांनी कॅन्टीनची भाजीसुद्धा समाजकार्यात धरली असती. राजकीय पक्षाला दिलेलं चालत नाही, तेही ठीक. पण गंमत बघा. ज्या संस्थेमार्फत पैसा द्यायचा तिची नोंदणी पाहिजे, आयकराची प्रमाणपत्रं पाहिजेत, तीन वर्षांच्या कामाचा दाखला पाहिजे. वस्तीतली दहा पोरं ह्यात कुठं बसतात? ती बसतात लाभार्थ्यांच्या रकान्यात.

दोन टक्क्यांवरून आठवलं. १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी नुकत्याच बौद्ध झालेल्या लोकांना मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्याला द्यायला सांगितलं. विसावा म्हणजे शंभरातले पाच. नफ्यातले नव्हेत, मिळकतीतले. भूमिहीन माणसाला पाच आणि कंपनीला दोन. हा हिशोब मी डाळ मिलमधल्या एका जोडीदाराला सांगितला तर तो म्हणाला, "मंग आपण मोठी कंपनी शेतस."

म्हणजे संस्था नकोतच का? तसं म्हणणारा जोतिबा वाचलेला नाही. फुल्यांनी १८४८ ला शाळा काढली, बांधकामाची कंत्राटं घेतली, १८७७ च्या दुष्काळात पोरांसाठी अन्नछत्र चालवलं. धंदाही केला, संस्थाही काढली. पण अन्न वाढणाऱ्या त्याच हाताने शेतकरी उपाशी का, हे नावं घेऊन लिहिलं. बाबासाहेबांच्या १९२४ च्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते, म्हणजे बाहेरच्यांचा विटाळ त्यांनी धरला नव्हता. व्यवस्थापक मंडळाची किल्ली मात्र स्वतःकडे. आणि आपल्याच जुन्या धुळे जिल्ह्यात, शहाद्याला, अंबरसिंग सुरतवंती आधी सर्वोदयाच्या सेवाकार्यात होता. १९७१ ला पाटीलवाडीला आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि १९७२ ला श्रमिक संघटना उभी राहिली. भिलांनी गेलेल्या जमिनी परत मागितल्या, मजुरी मागितली. त्या चळवळीत लाभार्थी नावाचा प्राणी नव्हता.

बाहेरच्यांना एवढं बोललो, आता घरचंही बोलतो. आपल्याही संस्था आहेत. नावात भीम, रमाई, सावित्री. परिशिष्टावर बाप अध्यक्ष, मुलगा सचिव, सून खजिनदार. धर्मादाय कार्यालयात जाऊन विश्वस्तांची यादी बघता येते. जाऊन बघा, कुणाची भीड धरू नका. चांगली बोलणारी पोरं चौदा एप्रिलपर्यंत आपली असतात आणि जूनमध्ये कुठल्यातरी प्रकल्पात फिल्ड वर्कर होतात. त्यांना मी शिव्या देणार नाही, पोट सगळ्यांना आहे. पण त्यातला एक माझा जवळचा मित्र. अत्याचाराच्या केसमध्ये रात्रभर पोलीस स्टेशनला बसणारा. मध्यंतरी तशीच एक घटना झाली तेव्हा फोनवर म्हणाला, "मला उघड येता येणार नाही, संस्थेचं रिन्युअल आहे." त्याच्यावर कविता लिहायला बसलो, दोन ओळी झाल्या, फाडल्या.

तर आमचे पंखे. संस्थेच्या अटी तीन. बोर्डावर संस्थेचं नाव मोठं असावं, दर तीन महिन्यांनी फोटो द्यावेत, आणि अभ्यासिकेत 'राजकीय कार्यक्रम' होऊ नये. सहा डिसेंबर राजकीय का, असं आम्ही विचारलं. बाई समजूतदार होत्या, म्हणाल्या, वर विचारून सांगते. भांडणाच्या दुसऱ्या रात्री आमच्यातल्या एकाची आजी कोपऱ्यात ऐकत होती. ती मधेच बोलली, "पंखा त्यासना शे, भित आमनी शे." त्यावर पोरं हसली आणि मग पत्राचा मसुदा सुरू झाला.

आम्ही नाही म्हटलेलं नाही. तीन अटी आम्हीही टाकल्या. अभ्यासिकेचं नाव आणि कार्यक्रम आमचे. खरेदीच्या समितीत वस्तीतले दोन, त्यातली एक बाई, आणि सगळा हिशोब दारावर लावायचा. पोरांचे फोटो नाहीत, हवे तर पंख्यांचे काढा. पत्र रजिस्टरने पाठवून पाच आठवडे झाले. बोटीवरच्या पत्राइतकं ते मोठं नाही, पण पोच अजून आलेली नाही. तोवर वर्गणी काढून जुन्या बाजारातून एक पंखा आणलाय. तीनवर ठेवला की खडखडतो, म्हणून दोनवर चालवतो.