खुल्या संगणकातील बंद कुपी

काही वर्षांपूर्वी एरंडोल येथील एका शाळेत जुन्या संगणकांवर आम्ही लिनक्स प्रणाली बसवून देत होतो. पडदा, कळफलक, ध्वनी सारे सुरळीत चालू झाले. बिनतारी जाळ्याचे कार्ड मात्र चालेना. फर्मवेअरची फाइल सापडत नाही, असा संदेश पडद्यावर आला. शेजारी उभ्या असलेल्या सरांनी विचारले, “लिनक्स खुले असते ना? मग अडले कुठे?”

अडते ते कार्डावर. जाळ्याचे कार्ड हा स्वतःच एक छोटा संगणक असतो. त्याच्याशी बोलणारी आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, मुख्य संगणकावर चालते. फर्मवेअर ही आज्ञावली मात्र कार्डावरील प्रोसेसरवर चालते; संदेश केव्हा पाठवायचा, पोच आली नाही तर पुन्हा कधी पाठवायचा, हे ती ठरवते. काही कार्डांत ती कायमची कोरलेली असते, तर अनेकांत संगणक सुरू होताना ड्रायव्हर ती कार्डात भरतो. उत्पादक ती केवळ यंत्रभाषेत देतात. मूळ मजकूर देत नाहीत. ब्रॉडकॉमच्या चिपांबाबत तर चिपची माहितीही मिळेना. तेव्हा स्वयंसेवकांनी चिपचे वर्तन तपासून ड्रायव्हर लिहिला व तो २००६ साली लिनक्समध्ये आला. फर्मवेअर मात्र कंपनीच्याच ड्रायव्हरमधून कापून काढावे लागे आणि त्यासाठी वेगळे साधन लिहावे लागले.

याच प्रश्नाचा एक धडा आपल्याच राज्यात घडला. २००७ साली रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट येथील धनगरवाड्याच्या छोट्या शाळेत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या प्रकल्पाची ‘एक्सओ’ यंत्रे आली. मुलाने यंत्र उघडून पाहावे, हा प्रकल्पाचा गाभा होता. चालू असलेल्या आज्ञावलीचा मूळ मजकूर पाहण्याची सोय कळफलकावरच दिली होती. आमच्या मते शाळेसाठी यंत्र कसे असावे, याचे ते उत्तम उदाहरण होते.

मात्र त्यातील मार्व्हेल कंपनीच्या बिनतारी चिपचे फर्मवेअर बंदच होते. ओपनबीएसडी प्रणालीचे प्रमुख थिओ द राट यांनी २००६ सालीच त्यावर आक्षेप घेतला होता. प्रकल्पाने कंपनीशी गोपनीयतेचा करार केला. त्यामुळे इतरांना माहिती मिळण्याची वाट अडली, असे त्यांचे म्हणणे होते. प्रकल्पाचीही बाजू होती. मुख्य प्रोसेसर झोपलेला असतानाही ही चिप शेजारच्या यंत्रांचे संदेश पुढे पाठवू शके. वीज तुटपुंजी असलेल्या ठिकाणी हा मोठा लाभ होता. शिवाय फर्मवेअर तिसऱ्याच कंपनीच्या प्रणालीवर आधारलेले असल्याने ते खुले करणे सोपे नव्हते.

ही अडचण आम्ही मान्य करतो. पण ज्या यंत्राच्या नावलौकिकाचा पायाच खुलेपणा होता, त्याने ही मर्यादा ठळकपणे सांगायला हवी होती. शेजारच्या यंत्राशी संदेशांची देवाणघेवाण हाच त्या यंत्राचा सर्वांत नवा भाग होता आणि नेमका तोच जिज्ञासू मुलाला उघडून पाहता येत नव्हता.

रेडिओ लहरींच्या वापराचे कायदे आणि व्यापारी गुपिते ही कारणे उत्पादक नेहमी देतात. पहिल्यात तथ्य आहे, परंतु ते पुरेसे नाही. क्वालकॉम अथेरॉसने २०१३ साली आपल्या यूएसबी कार्डांतील काही चिपांच्या फर्मवेअरचा मूळ मजकूर खुला केला. म्हणजे हे अशक्य नाही.

२०२२ साली मतदान घेऊन डेबियनने बंद फर्मवेअर आपल्या स्थापना-संचात घेण्याचे ठरवले. २०२३ च्या १२व्या आवृत्तीपासून ते तेथे असते. त्यामुळे एरंडोलसारखा संदेश आता क्वचितच दिसेल. शाळेची सोय झाली, हे चांगलेच. पण कार्ड चालले म्हणजे ते खुले झाले, असे नव्हे. तक्रार दिसेनाशी झाली, तरी कुपी बंदच आहे.

एरंडोलसारख्या कोणत्याही तालुक्याच्या गावी जळालेली पंपाची मोटार पुन्हा वाइंडिंग करून मिळते. कारागीर कंपनीची परवानगी मागत नाही, कारण मोटार उघडता येते. संगणकाचे कार्ड खरेदी करताना शिक्षकांनी दोनच प्रश्न विचारावेत : याचा ड्रायव्हर खुला आहे का? आणि फर्मवेअर? दुसऱ्याचे उत्तर बहुधा ‘नाही’ असे येईल. तसे आले, तर वर्गात तेही सांगावे. कोणता भाग आपण पाहू शकतो व कोणता नाही, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असणे हाही विज्ञानाचाच पाठ आहे.