न विचारलेला प्रश्न

नट दिग्दर्शक झाला, की बहुधा तो आपल्या चेहऱ्याला शोभेल अशीच कथा शोधतो. अमोल पालेकरांनी मात्र जमवलेले सारे भांडवल पहिल्याच चित्रपटात पणाला लावले. त्यांच्या कारकिर्दीचा विचार येथूनच करावा लागतो.

तो चेहरा आम्हा उपनगरवासीयांचा होता. 'रजनीगंधा' (१९७४) आणि 'छोटी सी बात'मधला भिडस्त तरुण, 'घरौंदा'मध्ये (१९७७) डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून पैपै साठवणारा कारकून, 'बातों बातों में'मधला (१९७९) वांद्र्याहून चर्चगेटला जाणारा लोकलचा प्रवासी, या सर्वांत मुलुंड-घाटकोपरच्या चाळींनी स्वतःला पाहिले. त्याच काळात 'भूमिका'मध्ये (१९७७) बायकोच्या कमाईवर जगणारा केशव दळवी त्यांनी उभा केला होता. पण आम्ही तिकडे काणाडोळा केला. गोड माणूस गोडच राहावा, हा प्रेक्षकांचा हट्ट असतो.

मग १९८१ साली 'आक्रीत' आला. मराठवाड्यातील मानवतच्या हत्याकांडावरचा, तेंडुलकरांनी लिहिलेला हा चित्रपट. गुप्तधनासाठी आणि मूल व्हावे म्हणून मुली-बायकांचे बळी घेतले जातात, आणि त्यामागचा पुरुष रंगवतात स्वतः पालेकर! आपला लाडका चेहरा त्यांनी आपल्याच हाताने काळा केला.

अमेरिकेतील जॉन कॅसाव्हेटिस याची येथे आठवण होते. दुसऱ्यांच्या चित्रपटांत कामे करायची आणि ती कमाई 'फेसेस'सारख्या (१९६८) आपल्या चित्रपटांत घालायची, ही त्याची रीत. नटाने दिग्दर्शकाला पोसले. पालेकरांमधला नट मात्र हळूहळू मागे सरत गेला. 'बनगरवाडी'ला (१९९५) पैसा लागला तो राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा आणि दूरदर्शनचा.

मी शाळामास्तर असल्यामुळे 'बनगरवाडी'कडे माझे मन अधिक ओढ घेते, हे खरे. पडद्यावरचा मास्तर एक तर संत असतो, नाही तर विदूषक. माडगूळकरांचा राजाराम दोन्ही नाही. तो धनगरांच्या वाडीत येतो, रुजतो, आणि दुष्काळाने वाडी ओस पडली की निघून जातो. पालेकर त्याला मोठा करीत नाहीत. त्यांच्या अभिनयातला संयम येथे दिग्दर्शनात उतरला आहे.

पण त्यांचा खरा ध्यास निराळा आहे. 'दायरा', 'ध्यासपर्व' (२००१), 'अनाहत' (२००३) आणि 'पहेली' (२००५) हे चित्रपट ओळीने मांडून पाहावेत. संततिनियमनाचा प्रचार केल्यामुळे प्राध्यापकी गमावणारे र. धों. कर्वे, नियोगाला सामोरी जाणारी राणी, नवऱ्याचे रूप घेऊन आलेल्या भुतासमोरची नववधू. काळ वेगळे, भाषा वेगळ्या; प्रश्न एकच. बाईला काय हवे, हे तिला कुणी विचारले का? 'पहेली'त तर भूत खरे सांगून टाकते आणि निवड तिच्यावर सोपवते. जिवंत नवऱ्याला जे सुचले नाही ते भुताला सुचते!

अर्थात 'पहेली'च्या रंगांत, घागऱ्यांत आणि नाचगाण्यांत हा प्रश्न पुष्कळसा बुडून जातो. संयमी माणसाने श्रीमंती थाट मांडला, की तो उसना वाटतो. विजयदान देथांच्या याच कथेवर मणी कौलांनी १९७३ साली 'दुविधा' काढला होता. त्याचा कोरडेपणा अधिक खोल रुततो.

तरीही 'पालेकर बदलले' ही तक्रार मला मान्य नाही. 'छोटी सी बात'मधला अरुण बसथांब्यावर मुकाट उभा राहतो, कारण त्या मुलीच्या मनात काय आहे हे त्याला ठाऊक नसते आणि ते गृहीत धरण्याचे धाडस त्याच्यात नसते. आम्ही त्याला भित्रा समजून हसलो. दिग्दर्शक पालेकरांनी गृहीत न धरण्याची तीच सवय पुढे चालवली. फक्त तिची गंमत काढून टाकली आणि ओझे आमच्यावर ठेवले. प्रेक्षक दूर गेला तो तेव्हा.