शून्य गुणांचा अल्बम

ओक्लाहोमा सिटीच्या 'द फ्लेमिंग लिप्स' या बँडने १९९७ साली 'झायरीका' काढला. सीडी चार, चारही वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच वेळी लावायच्या. 'पिचफोर्क'ने त्याला दहापैकी ०.० गुण दिले. इतकी यंत्रे आणायची कुठून, ही तक्रार मला रास्त वाटते. गुण मात्र नाहीत. कोणतीही दोन यंत्रे तंतोतंत एका वेगाने चालत नाहीत, त्यामुळे गाणे दर खेपेस जरा निराळे जुळते. मग परीक्षण करायचे ते नेमके कोणत्या खेपेचे? (आपल्याकडे मैफलीवर लिहिणाऱ्यांना हा पेच जुनाच.) शून्य देऊन समीक्षकाने तो प्रश्नच टाळला. दोन वर्षांनी 'द सॉफ्ट बुलेटिन'ला तिथेच १०.० मिळाले. तो अल्बम एकाच सीडीवर होता.