जलपर्णीने धातू शोषला, पुढे काय?

रोह्याजवळ कुंडलिकेच्या काठी धाटावची औद्योगिक वसाहत आहे. त्यामुळे कारखान्यांच्या सांडपाण्याचा प्रश्न तेथील विद्यार्थ्यांना परका नाही. अशा सांडपाण्यातील धातू काढण्यासाठी ‘जलपर्णी लावा, मासे सोडा’ हा उपाय शालेय विज्ञान प्रदर्शनांत सुचवला जातो. तो तपासून पाहायला हवा.

जलपर्णीची मुळे शिसे, कॅडमियम, क्रोमियम शोषून घेतात, हे खरे. परंतु धातू हे मूलद्रव्य आहे. सेंद्रिय पदार्थांप्रमाणे त्याचे विघटन होत नाही. समजा, टाकीतील पाण्यात १०० मिलिग्रॅम क्रोमियम होते. त्यातले ८० जलपर्णीत गेले, तर ते जलपर्णीतच असते. ती तेथेच कुजली, की धातू परत पाण्यात आणि गाळात येतो. म्हणून ती वेळेवर काढून घातक कचरा म्हणूनच तिची विल्हेवाट लावावी लागते. तिचे खत किंवा चारा करणे धोक्याचे.

माशांबाबतची कल्पना तर मुळातच चुकीची आहे. मासा धातू साठवतो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेला आजार पारायुक्त मासे व शिंपले खाल्ल्यानेच झाला होता. पेणच्या खारेपाटातील तळ्यांत वाढवला जाणारा जिताडा लहान मासे खातो. पाण्यात पारा असेल, तर अशा शिकारी माशात तो अधिक साठेल. माशाचा उपयोग आहे तो परीक्षक म्हणून. आपल्याकडील मानकानुसार प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहिले पाहिजेत. अर्थात, जगलेला मासा खाण्यायोग्य असतोच असे नाही.

प्रदर्शनात अशी प्रतिकृती दिसली, तर शिक्षकांनी एवढेच विचारावे : धातू गेला कुठे?