मालविकेची तालीम : कालिदासाच्या नाटकातील एका नर्तकीचा अनुभव

'मालविकाग्निमित्र' हे कालिदासाचे आरंभीचे नाटक मानले जाते; त्यामुळे समीक्षेत ते बहुधा 'शाकुंतला'ची पूर्वतयारी म्हणूनच वाचले गेले. नर्तकीच्या बाजूने त्याचा विचार क्वचितच होतो. विसाव्या शतकात मॅडम मेनका (लीला सोखी) यांना या नाटकावर बॅले रचावासा वाटला, हे म्हणूनच लक्षणीय आहे. नाटकाचा प्रारंभच एका नृत्याच्या तालमीच्या चौकशीने होतो. विदर्भाची राजकन्या मालविका अग्निमित्राच्या अंतःपुरात अज्ञातपणे दासी म्हणून राहते व नाट्याचार्य गणदासाकडे 'छलित' हा नृत्यप्रकार शिकते. पदाचा विषय आहे दुर्लभ प्रियकराची ओढ.

ही तालीम मात्र रंगमंचावर दिसत नाही. जो भाव मी शिकवावा तो ही मुलगी अधिक सुंदर करून जणू मलाच परत शिकवते, असे गणदास सांगतो. कौतुक गुरूचे, शिष्येचे मन अव्यक्तच. पुढे दोन आचार्यांचे भांडण विदूषक लावून देतो, ते राजाला तिचे दर्शन घडावे म्हणून. तिला कोणी विचारत नाही. दुसऱ्या अंकात गुरू तिला भीती सोडण्यास सांगतो आणि तिच्या मुखातून येणारे पहिले शब्द म्हणजे ते पद. शब्द दुसऱ्याचे.

पण कोणाचे? गणदास सांगतो, ही शर्मिष्ठेची रचना. वि. स. खांडेकरांच्या 'ययाति'मुळे (१९५९) मराठी वाचकाला शर्मिष्ठेची ओळख करून देण्याची गरज नाही. राजकन्या असून देवयानीची दासी झालेली, राजाची गुप्त प्रिया. मालविकेचे प्राक्तन यापेक्षा फारसे वेगळे नाही. कालिदास केवळ नाव उच्चारतो, भाष्य करीत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते नाटकातील हा सर्वांत मार्मिक उल्लेख होय. परीक्षक असलेली परिव्राजिका कौशिकी मालविकेचे खरे कुळ जाणते. ती रसातील तन्मयतेची प्रशंसा करून थांबते. राजा मात्र पदाचा अर्थ स्वतःकडे ओढून घेतो.

हा राजा आपल्या परिचयाचा आहे. संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा येथील पवळा हिने पठ्ठे बापूरावांच्या लावण्यांना कंठ आणि देह दिला. फडापुढे बसलेल्या रसिकालाही शृंगाराचे पद गाणारीचेच वाटते. दौलतजादा होतो तो पुष्कळदा याच समजुतीवर. साम्य येथे संपते, कारण पवळेच्या मुखातील स्त्रीचे शब्द पुरुषाने रचलेले होते.

तिसऱ्या अंकात मालविका प्रमदवनात प्रथमच स्वतःचे शब्द बोलते : ज्याचे हृदय ठाऊक नाही अशा स्वामीची अभिलाषा धरल्याची स्वतःचीच लाज वाटते. आशय जवळजवळ शर्मिष्ठेच्या पदाचाच आहे. गणदासाचे आश्चर्य मात्र राजाशी समोरासमोर गाठ पडण्यापूर्वीचे. म्हणजे अभिनय आधी सिद्ध झाला, अनुराग नंतर बोलू लागला. राजाला वाटते त्याच्या नेमका उलट क्रम. आणि प्रमदवनातही ती आली आहे राणीच्याच आज्ञेने. अशोकाला पादप्रहार करायचा आहे, म्हणून बकुलावलिका तिच्या पावलांना अळता लावते, नूपुर चढवते.