स्वप्न, पुराणकथा आणि टॅरो : येट्सच्या गूढयात्रेतील सहप्रवासी

लेखकाने आपल्या कृतीचा उगम स्वप्नात असल्याचे सांगितले की समीक्षेची बहुधा अडचण होते. एक पक्ष त्या निवेदनापुढे नतमस्तक होतो आणि निर्मितिप्रक्रियेचा प्रश्न सुटला असे मानतो. दुसरा पक्ष ते भाबडेपणाचे लक्षण समजून बाजूला सारतो. दोन्ही पक्षांच्या हातून संहिताच निसटते. विल्यम बटलर येट्स (१८६५–१९३९) या आयरिश कवीच्या बाबतीत ही अडचण अधिकच तीव्र होते. १८९० मध्ये त्याने लंडनच्या 'गोल्डन डॉन' या गुप्त मंडळाची दीक्षा घेतली. या मंडळाशी आणि त्यातून निघालेल्या शाखेशी त्याचा संबंध तीस वर्षांहून अधिक काळ टिकला. स्वप्ने, केल्टिक पुराणकथा आणि टॅरोची पाने या तिन्हींना त्याने आपल्या आंतरिक प्रवासाची साधने मानले. हा प्रवास एकाकी साधकाचा होता, असा समज त्याच्या लेखनातूनच निर्माण होतो. संहितांचा आणि त्यांच्या मसुद्यांचा इतिहास पाहता मात्र या समजाला वारंवार तडे जातात.

टॅरोपुरते पाहायचे तर ही पाने मुळात गूढविद्येची नव्हेत. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत ती खेळण्यासाठी वापरली जात होती. त्यांत प्राचीन इजिप्तचे ज्ञान दडले असल्याची कल्पना १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने मांडली. तिला कोणताही ऐतिहासिक आधार नाही. (सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत १२० पानांवर अवतारकथा रंगवलेली असते, पण खेळ तो खेळच.) गोल्डन डॉनने टॅरोची २२ चित्रपाने हिब्रू वर्णमालेच्या २२ अक्षरांशी जोडून एक काटेकोर चिन्हव्यवस्था उभी केली. येट्स शिकला तो ही व्यवस्था. त्यामुळे त्याच्या कवितेत मनोरा आला की सोळावे पान, चंद्र आला की अठरावे पान, अशी जुळवाजुळव करण्याचा मोह समीक्षकांना होतो. अशा जुळणीतून कवितेबद्दल फारसे काही कळत नाही. येट्सचा मनोरा हा १९१७ मध्ये विकत घेतलेला, दुरुस्तीला आलेला, खराखुरा दगडी मनोराही होता, हे अशा वाचनात सहज विसरले जाते.

या साधनांचे वाङ्मयीन रूपांतर कसे होते हे पाहण्यासाठी 'रेड हॅनराहन' ही कथा अधिक उपयुक्त आहे. १८९७ च्या 'द सीक्रेट रोझ' या संग्रहातील तिच्या पूर्वरूपात नायक मंत्रतंत्राच्या एका ग्रंथाच्या साहाय्याने परीलोकातील स्त्रीला आवाहन करतो. १९०३ च्या नव्या रूपात तो ग्रंथ नाहीसा होतो. त्याच्या जागी सॅमहेनच्या रात्री एका कोठारात पत्ते पिसणारा म्हातारा येतो. पत्ते साधेच, नेहमीच्या खेळातले. खेळता खेळता त्यांतून ससा निघतो, त्यामागे शिकारी कुत्री निघतात आणि हॅनराहन त्यांच्या मागे धावत सुटतो. टॅरोचा उच्चारही या कथेत नाही. पुढे मात्र चार वृद्धा त्याच्यासमोर येतात. त्यांच्याजवळ कढई, शिळा, भाला आणि तलवार आहे. दनूच्या वंशजांची ही चार दिव्य आयुधे आयरिश पुराणकथांत प्रसिद्ध आहेत. टॅरोच्या चार रंगांशी, म्हणजे चषक, नाणे, दंड आणि खड्ग यांच्याशी, त्यांचे नाते जाणकाराच्या लक्षात येते. न जाणणाऱ्याचे त्यावाचून काही अडत नाही. हॅनराहन भीतीने गप्प राहतो. जो प्रश्न विचारायला हवा तो विचारत नाही आणि निद्रिस्त राणी निद्रिस्तच राहते. तो परततो तेव्हा वर्ष उलटलेले असते, आणि जिच्याशी तो लग्न करणार होता ती मेरी लॅव्हेल दुसऱ्याशी लग्न करून परदेशी निघून गेलेली असते.

दीक्षितांची चिन्हव्यवस्था येथे लोककथेच्या ओघात विरघळली आहे, आणि कथेचे सामर्थ्य या विरघळण्यातच आहे. पण हे घडवले कोणी? या पुनर्लेखनात येट्सला लेडी ग्रेगरी यांचे साहाय्य होते. गॉलवे परगण्यातील शेतकऱ्यांच्या बोलीचा त्यांचा कान येट्सपेक्षा कितीतरी तयार होता. मंत्रग्रंथाच्या जागी पत्त्यांचा डाव आला, त्याच वेळी ग्रांथिक भाषेच्या जागी बोलीही आली. हे दोन्ही बदल एकाच प्रक्रियेचे भाग आहेत आणि ती प्रक्रिया दोघांची आहे.

१९०२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'कॅथलीन नी हूलिहन' या एकांकिकेबाबत प्रश्न अधिक टोकदार होतो. ही कृती एका स्वप्नातून आल्याचे येट्सने लिहून ठेवले आहे. शेकोटीचा उजेड, लग्नाची बोलणी आणि घरात शिरणारी लांब झग्यातली म्हातारी, असे ते स्वप्न. ग्रामीण बोलीसाठी लेडी ग्रेगरी यांची मदत झाल्याचेही त्याने मान्य केले. मसुद्याच्या हस्तलिखितावरील लेडी ग्रेगरी यांच्या पेन्सिलीच्या नोंदी मात्र वेगळी साक्ष देतात. म्हातारीच्या प्रवेशापर्यंतचा भाग, म्हणजे हुंड्याचे पैसे मोजणारे, नव्या कपड्यांचे कौतुक करणारे ते सगळे घर, त्यांनी एकटीने लिहिले असल्याचे त्या नोंदींतून दिसते. या घराच्या भरीवपणाशिवाय म्हातारीचे आगमन निव्वळ रूपक ठरले असते. फ्रॉइडने सांगितल्याप्रमाणे सांगितले गेलेले स्वप्न हे आधीच संस्कारित झालेले स्वप्न असते. येथे संस्कार करणारे मन दुसऱ्याच व्यक्तीचे आहे. स्वप्नाला कर्तृत्व दिले की स्वप्न पाहणाऱ्याचे नाव राहते आणि लिहिणारीचे पुसट होते. निर्मितिप्रक्रियेविषयीची वरवर गूढ वाटणारी भूमिका अशा रीतीने श्रेयाच्या वाटपाचीही भूमिका असते.

२४ ऑक्टोबर १९१७ नंतरचा अध्याय सर्वपरिचित आहे. विवाहानंतर चारच दिवसांनी पत्नी जॉर्जी हाइड-लीज यांनी स्वयंलेखन सुरू केले. त्यांतून हजारो पाने साठली, आणि त्यांवर 'अ व्हिजन' हा ग्रंथ उभा राहिला. १९२० पासून लेखनाऐवजी त्या झोपेत बोलू लागल्या. येट्स प्रश्न विचारी आणि उत्तरांची नोंद करी. स्वप्न एकाचे आणि त्याचा ग्रंथ दुसऱ्याचा, याचे याहून शब्दशः उदाहरण वाङ्मयेतिहासात क्वचितच सापडेल. तरीही १९२५ च्या आवृत्तीत या पत्नीचा पत्ता नाही. तेथे गिराल्डस नावाचा काल्पनिक ग्रंथकार आणि अरबस्तानातील काल्पनिक जमात आहे. खरा उगम १९३७ च्या आवृत्तीत उघड झाला. जॉर्जी स्वतः १९१४ पासून गोल्डन डॉनच्या सदस्य होत्या, ज्योतिषाच्या अभ्यासक होत्या. त्यांना निव्वळ 'माध्यम' म्हणणे म्हणजे त्यांच्या व्यासंगाला झोपेत ढकलणे होय.

शेवटचा सहप्रवासी मराठी आहे. वऱ्हाडातील बडनेरा येथे १८८२ मध्ये जन्मलेले श्रीपुरोहित स्वामी १९३१ मध्ये इंग्लंडात येट्सला भेटले. त्यांच्या 'अॅन इंडियन मंक' या १९३२ च्या आत्मकथनाला येट्सने प्रस्तावना लिहिली. १९३४ मध्ये 'द होली माउंटन' प्रसिद्ध झाले. त्यांचे गुरू भगवान श्रीहंस यांच्या कैलास-मानसयात्रेच्या मूळ मराठी वृत्तान्ताचा हा पुरोहित स्वामींनी केलेला अनुवाद होता आणि त्यालाही येट्सची प्रस्तावना होती. पुढे मायोर्का बेटावर दोघांनी उपनिषदांचे भाषांतर केले. येट्सला संस्कृत येत नव्हते, मराठीही नाही. मांडूक्यातील जागृती, स्वप्न, सुषुप्ती आणि तुरीय या चार अवस्थांमध्ये त्याला आयुष्यभराच्या स्वप्नशोधाला एक शिस्तबद्ध चौकट मिळाल्यासारखे वाटले. आपल्या चंद्रकलांच्या आराखड्याशी त्याने ती जोडूही पाहिली. ती जोडणी फारशी पटणारी नाही. उपनिषदात स्वप्न ही ओलांडायची अवस्था आहे. येट्सला तिथे मुक्काम करायचा होता.

प्रस्तावनेत जे जमले नाही ते 'मेरू' या सुनीतात जमले आहे. श्रीहंसांची यात्रा गौरीकुंडाच्या काठी दत्तात्रेयांच्या दर्शनाने सफल होते. 'मेरू'मध्ये दर्शन नाही, दत्तात्रेय नाहीत, पानेही नाहीत आणि आयुधेही नाहीत. बर्फाखालच्या गुहांत बसलेले तपस्वी आहेत, त्यांना झोडपणारा हिवाळा आहे, आणि पहाटेपूर्वी माणसाचे सगळे वैभव पुसले जाणार हे त्यांना ठाऊक आहे. मराठी यात्रावृत्तातील भक्तीची ऊब येट्सने घेतली नाही. हिमालयाची थंडी तेवढी घेतली.